बॅटरी वाचवायला फोन बंद ठेवू नका

प्रिय आई-बाबा,

हे खरंतर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहायला घेतलं होतं पण फारच लांबायला लागलं म्हणून पत्रच लिहितेय, आणि फोनवर सांगायला गेलं की बाबा दोन मिनिटांत "बरं बरं, कळलं" म्हणून फोन आईकडे देतात. विषय बॅटरीचा आहे. हसू नका, पूर्ण वाचा.

बाबा, आधी तुमचं. फोन पार शून्यावर येऊन स्वतःहून बंद पडेपर्यंत चार्जर लावायचा नाही आणि लावला की १०० झाल्याशिवाय काढायचा नाही, हा तुमचा नियम. कुणीतरी कधीतरी सांगितला असणार आणि तेव्हा तो बरोबरही होता, कारण तेव्हा निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या असायच्या आणि त्या सारख्या अर्धवट उतरवून चार्ज केल्या की पुढे पूर्ण ताकदीने चालायच्या नाहीत. आता फोनमध्ये, लॅपटॉपमध्ये सगळीकडे लिथियम-आयन असते, तिचा स्वभाव नेमका उलटा. तिला पूर्ण रिकामं होणं आवडत नाही आणि काठोकाठ भरून तासन् तास बसणंही आवडत नाही. तुमच्यासाठी एक गंमत, या बॅटरीच्या शोधासाठी २०१९ चं केमिस्ट्रीचं नोबेल तिघांना मिळालं, त्यातले जॉन गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते! इतक्या वयात नोबेल मिळालेला दुसरा माणूस नाही. तेव्हा "या वयात नवीन काय शिकायचं" हे वाक्य निदान बॅटरीच्या बाबतीत तरी चालणार नाही.

तर करायचं काय, २०-३० टक्क्यांवर आला की लावा, ८०-८५ च्या आसपास काढा, बस. मधेच पाच-दहा मिनिटं लावला तरी काही बिघडत नाही. "सारखं सारखं लावलं की सायकल वाया जाते" असं तुम्ही म्हणता ना, तर सायकल म्हणजे चार्जर किती वेळा लावला ते नव्हे. एकूण १०० टक्के वापर झाला की एक सायकल धरतात, म्हणजे आज अर्धा वापरला, उद्या अर्धा वापरला, दोन्ही दिवस चार्ज केला तरी एकच सायकल झाली.

आता ८० वर का थांबायचं, तर बॅटरी जशी भरत जाते तसा तिचा व्होल्टेज चढत जातो, पूर्ण भरली की एका सेलचा साधारण ४.२ व्होल्ट किंवा नवीन फोनमध्ये त्याहूनही थोडा जास्त, आणि त्या ताणाखाली आतली रसायनं नको ते उद्योग करायला लागतात, त्यात चार्ज वाहून नेणारं लिथियम थोडं थोडं कायमचं अडकून पडतं. ते परत मिळत नाही. म्हणूनच दोन वर्षांनी तोच फोन १०० दाखवतो पण संध्याकाळपर्यंत पुरत नाही. तुम्ही बघितलं असेल, फोन सुरुवातीला भराभर चार्ज होतो आणि ८० च्या पुढे रेंगाळतो. चार्जर बिघडलेला नसतो, तिथे फोन मुद्दाम करंट कमी करत जातो.

पण आकड्यांपेक्षा मोठा शत्रू म्हणजे उष्णता, आणि इथे आईचा नंबर लागतो. आई, तू रात्री फोन चार्जिंगला लावून उशीखाली ठेवतेस, त्यावर तो जाड कव्हर. रात्रभर लावल्याने फोन "ओव्हरचार्ज" होत नाही, भरला की तो आपोआप घेणं थांबवतो, त्यामुळे ती भीती सोड. पण १०० वर रात्रभर आणि तेही गरम जागी, हे दोन्ही एकत्र म्हणजे बॅटरीला वाईटच, शिवाय उशीखाली चार्जिंग हे सुरक्षितही नाही. टेबलावर ठेव, उघड्यावर. हात लावून बघ, चांगलाच गरम लागला तर कव्हर काढ. अ‍ॅपल स्वतःच सांगतं की फोन शून्य ते ३५ अंश तापमानात वापरा, आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत त्याच्या किती तरी वर जातं, तेव्हा डॅशबोर्डवर फोन ठेवून उतरायची सवय दोघांनीही सोडा. चार्जिंगला लावून तासभर व्हिडिओ कॉल करणंही तसंच, दोन्हीकडून तापतो. (हो, तो कॉल माझ्याशीच असतो, माहितीये. आधी चार्ज करून घेत जा.)

तुझा आयफोन १५ आहे त्यामुळे सेटिंग्जमध्ये बॅटरीत जाऊन चार्जिंगची मर्यादा ८० टक्के करता येते, एकदा केलीस की रात्री लावून झोपलीस तरी चालेल. या मॉडेलची बॅटरी १००० सायकलनंतरही मूळच्या ८० टक्के राहावी अशी बनवलेली आहे, त्याआधीच्या मॉडेल्सना हाच आकडा ५०० होता. बाबांच्या फोनमध्येही असंच काहीतरी असेल, बॅटरी प्रोटेक्शन किंवा अ‍ॅडाप्टिव्ह चार्जिंग अशा नावाने शोधा. प्रवासाला निघायच्या दिवशी मात्र खुशाल १०० करा, एखाद्या दिवसाने काही होत नाही.

आई, अजून एक. ते दर पाच मिनिटांनी सगळी अ‍ॅप्स वर सरकवून बंद करत बसतेस ना, त्याने बॅटरी वाचत नाही, उलट तेच अ‍ॅप परत पहिल्यापासून उघडायला जास्त खर्च होते. खरी खाते ती स्क्रीन. ब्राइटनेस ऑटोवर टाक. आणि जिथे रेंज कमी तिथे फोन टॉवर शोधण्यात स्वतःची शक्ती घालवत राहतो, म्हणून घरात वायफायवर राहा आणि वायफाय कॉलिंग चालू करून ठेवा. डार्क मोडचा फायदा ओलेड स्क्रीनला होतो कारण तिथे काळा भाग म्हणजे खरोखर बंद असलेला भाग, साध्या एलसीडीला मागचा दिवा जळतच असतो, तिथे फक्त डोळ्यांना बरं.

लॅपटॉपचं थोडं वेगळं आहे. तुमचा कायम प्लगला लावलेलाच असतो, त्यात चूक काही नाही, पण मग त्याच्या कंपनीच्या अ‍ॅपमध्ये चार्जिंग ८० ला किंवा ६० ला थांबवायची सोय असते ती चालू करायची, मी इथूनच इंटरनेटवरून तुमचा लॅपटॉप उघडून करून देईन. गादीवर ठेवून वापरू नका बाबा, खालची हवा यायची जाळी बुजते आणि तो पंखा बिचारा ओरडत बसतो. खरी तब्येत बघायची असेल तर विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट काढता येतो, त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे असतात, समजा पहिला ५०,००० आणि दुसरा ३८,००० असेल तर बॅटरी ७६ टक्के उरली. त्याने घाबरायचं नाही, बॅटरी झिजणारच, झिजली की बदलायची. फक्त कधी टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला, झाकण नीट बसेना किंवा तळ फुगीर दिसला तर बॅटरी फुगलीय समजा. लगेच चार्जर काढा, बंद करा, दाबून बसवायला जाऊ नका, टोचायचं तर मुळीच नाही, आणि मला फोन करा.

आणि बाबा, हे सगळ्यात महत्त्वाचं. "बॅटरी वाचते" म्हणून तुम्ही दुपारी फोन बंद करून ठेवता आणि इकडे मी चार-चार वेळा कॉल करत बसते. त्याने असून असून किती वाचतं, आणि मला काय काय सुचतं तेवढ्या वेळात! बॅटरी बदलून मिळते, तीच तर तिची सोय आहे. तुम्ही फोन वापरा, गाणी ऐका, व्हिडिओ बघा, चालू ठेवा.

कपाटातला आईचा जुना फोन तेवढा बाहेर काढा. तो बंद अवस्थेत शून्यावर पडून राहिला तर बॅटरी इतकी खाली जाते की नंतर चार्जच घेत नाही, आणि त्यात अजून फोटो आहेत. अर्ध्यापर्यंत चार्ज करा, बंद करून ठेवा, दर काही महिन्यांनी बघत जा. आधी फोटो लॅपटॉपवर घ्या. पासवर्ड बाबांच्या डायरीत शेवटच्या पानावर लिहिलाय.

तुमची,
लाडकी