माझ्या वतीने न बोलल्याबद्दल आभार, सेन्सेई

आदरणीय सेन्सेई,

सप्रेम नमस्कार.

जपानीतलं पत्र तुम्हाला टपालाने वेगळं पाठवलं आहे. हे मात्र मराठीत आणि सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण पुण्यात आज कितीतरी मुलं-मुली जपानी शिकताहेत. त्यातली काही उद्या एक्स्चेंजवर जपानमधल्या तुमच्या ओकायामा शहरात येतील. तिथे कोणाचं बोट धरायचं आणि ते बोट कधी सुटलेलं चांगलं, हे त्यांना आधी कळलेलं बरं.

आपली ओळख कोमिनकानमधली. वाचणाऱ्यांसाठी सांगते, सेन्सेई म्हणजे शिक्षक किंवा शिक्षिका, आणि कोमिनकान म्हणजे जपानात वस्तीवस्तीत असणारी सार्वजनिक केंद्रं. १९४९ च्या सामाजिक शिक्षण कायद्याने त्यांना कायद्याचा आधार मिळाला. एका खोलीत ज्येष्ठांचा व्यायाम चाललेला असतो, दुसरीत सुलेखन, तिसरीत इकेबाना म्हणजे जपानी पुष्परचना. आमच्या कोमिनकानमध्ये शनिवारी परदेशी लोकांसाठी जपानीचा वर्ग भरायचा. शिकवणारे सगळे स्वयंसेवक. तुम्ही नोकरीतून निवृत्त झालेल्या, आणि तो शनिवार तुम्ही आम्हाला देऊन टाकलेला.

मी एन-थ्री, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेची मधली पातळी, पास होऊन आले होते. व्याकरणाची फारशी भीती नव्हती. मराठीसारखंच क्रियापद शेवटी, विभक्तीचे प्रत्यय शब्दामागे. पण बाहेर कुठेही दोन वाक्यं बोलले की समोरचा माणूस हसून म्हणायचा, ‘निहोंगो, जोझु देस ने’, जपानी छान बोलता हो! त्यात सगळा चांगुलपणाच होता, पण संभाषण तिथेच संपायचं. तुम्ही असं कौतुक कधी केलं नाहीत. ‘वा’ या प्रत्ययाच्या जागी ‘गा’ आला की हात वर करून थांबवायच्या आणि पूर्ण वाक्य पुन्हा म्हणायला लावायच्या. पेन्सिली मोजताना इप्पोन, निहोन, सांबोन नीट जमेपर्यंत पुढचं पान उलटायचं नाही. माझं बोलणं कोणीतरी इतक्या गंभीरपणे घेतंय याचा मला किती आधार वाटला, हे तेव्हा सांगता आलं नाही.

कुयाकुशोतला तो दिवस तर मी विसरूच शकत नाही. कुयाकुशो म्हणजे आपल्याकडचं क्षेत्रीय कार्यालय. जपानात राहणाऱ्या, वीस ते एकोणसाठ वर्षांच्या प्रत्येकाला राष्ट्रीय पेन्शन योजनेत नाव घालावं लागतं, परदेशी विद्यार्थ्यालाही. विद्यार्थ्यांना हप्त्यांची सवलत मिळते, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो. मी तुम्हाला सोबत या म्हटलं आणि तुम्ही आलात. खिडकीपाशी मी प्रश्न विचारला आणि कर्मचाऱ्याने उत्तर मात्र तुमच्याकडे बघून द्यायला सुरुवात केली. त्यात त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, सोबत जपानी माणूस दिसला की बरेचदा तसं होतं. तुम्ही एक पाऊल मागे सरलात, हात माझ्याकडे केलात आणि म्हणालात, ‘अर्ज यांचा आहे, यांना सांगा.’ त्याने लगेच मान लववली आणि माझ्याकडे वळून सावकाश, एकेक रकाना दाखवत समजावलं. जे कळलं नाही ते मी पुन्हा विचारलं. तुम्ही मागे उभ्या होतात आणि शेवटपर्यंत एक शब्द बोलला नाहीत. तुम्ही बोलला असतात तर पाच मिनिटांत काम झालं असतं. पण पुढच्या वेळी मी पुन्हा तुम्हालाच बोलावलं असतं.

त्यानंतर बँक, पोस्ट, केशकर्तनालय, सगळीकडे मी एकटी गेले.

आजारपणाचे शब्द तुम्ही मी आजारी पडण्याआधीच शिकवलेत, हे तुमचं आणखी एक मोठं देणं. जपानी डॉक्टर ‘दुखतंय’ एवढ्यावर भागवत नाहीत, कसं दुखतंय ते विचारतात. मग तुम्ही अभिनय करून दाखवायच्या. गालाजवळ मूठ उघडझाप करत ‘झुकिझुकि’, बोटाचं टोक मनगटावर टोचत ‘चिकुचिकु’, भाजलेल्या जागेवर फुंकर घातल्यासारखं करत ‘हिरिहिरि’. मी वहीत शेजारी लिहीत गेले: ठणका, टोचणं, चुरचुर. मराठीतही दुखण्याचे किती प्रकार आहेत हे तेव्हा लक्षात आलं. थंडीत माझी दाढ सुजली. दवाखान्यातला छापील प्रश्नांचा कागद मी स्वतः भरला, खुर्चीत बसल्यावर डॉक्टरांनी विचारलं आणि मी म्हटलं, ‘झुकिझुकि शिमास.’ त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, रात्री वाढतं का? म्हणजे माझं दुखणं त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. परक्या देशात, तोंड सुजलेलं असताना, ही केवढी मोठी गोष्ट असते!

आणि जेवण. मी शाकाहारी आहे हे ऐकून तुम्ही ‘कसं होणार तुझं’ असं म्हटलं नाहीत. मला सुपरमार्केटमध्ये नेलंत आणि पाकिटाची मागची बाजू वाचायला शिकवलंत. अंडं, दूध, शेंगदाणा, कोळंबी असे ॲलर्जीचे ठरावीक पदार्थ लेबलवर सांगणं तिथे बंधनकारक आहे, पण मासा त्या सक्तीच्या यादीत नाही. म्हणून फक्त तेवढं बघून भागत नाही, घटकांची पूर्ण ओळ वाचायची, कारण ‘कात्सुओ’ या माशाचा अर्क सॉसपासून चिप्सपर्यंत कुठेही सापडतो. मग एका शनिवारी कोमिनकानच्या स्वयंपाकघरात तुम्ही कोम्बू हे समुद्री शेवाळ आणि वाळलेले शिइताके मशरूम यांचं दाशी, म्हणजे सूपसाठीचं चवदार पाणी, करून दाखवलंत, आदल्या रात्रीपासून थंड पाण्यात भिजवून ठेवलेलं. मठांमधल्या शाकाहारी स्वयंपाकात हेच वापरतात म्हणालात. त्या मिसो सूपची चव अजून जिभेवर आहे.

कोराकुएनमध्ये फिरताना मी सहज म्हणाले की पुण्यात सिंहगड रस्त्यावर याच बागेच्या धर्तीवर केलेली, पु. ल. देशपांडे यांच्या नावाची बाग आहे. तुम्ही तिथेच थांबलात आणि म्हणालात, सांग मला, सगळं सांग. समोर १७०० साली पूर्ण झालेली ती मूळ बाग, आसाही नदीपलीकडे काळा किल्ला, आणि मी जपानीत पु. ल. देशपांडे कोण हे समजावते आहे! लेखक होते, नट होते, पेटी वाजवायचे, जपानलाही येऊन गेले होते. एवढं सांगून झालं तरी तुमचं समाधान होईना. लोक त्यांच्यावर एवढं प्रेम का करतात, असं विचारलंत. पाठ केलेली वाक्यं तिथे संपली. अडखळत, शब्द शोधत, पण मनातलं असं मी जपानीत बोलले ते त्या दिवशी. तुम्ही एकदाही मध्ये थांबवलं नाहीत. चुका नंतर चहा पिताना सांगितल्यात, सगळ्या.

तुम्हाला मी पैसे दिले नाहीत, आणि देऊ केले असते तरी तुम्ही घेतले नसते. म्हणून इथे, माझ्या भाषेत, माझ्या माणसांसमोर म्हणते: मनापासून आभार, सेन्सेई. तुमच्यामुळे मी ओकायामात पाहुणी राहिले नाही.

एक विनंती आहे. टपालाने पाठवलेलं पत्र नुसतं जपून ठेवू नका. नेहमीसारखं लाल पेनने तपासा आणि परत पाठवा. दुसऱ्या पानावरच्या आदरार्थी क्रियापदांबद्दल मला खात्री नाही.

तुमची पुण्याची विद्यार्थिनी