श्रीरंगपट्टणला मराठेही होते

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला श्रीरंगपट्टणवरचा लेख वाचला. कावेरीच्या दोन फाट्यांमधलं बेट, दर्या दौलत बाग, सगळं मन लावून लिहिलं आहे. पण टिपू सुलतानाविरुद्धच्या १७९१-९२ च्या मोहिमेतले मराठे ‘इंग्रजांचे इतर मित्र’ या तीन शब्दांत उरकले, त्याचा राग आज सोमवारीही उतरलेला नाही.

मे १७९१ मध्ये इंग्रजांचा गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिस टिपूच्या या राजधानीच्या बेटासमोर पोचला होता. पाऊस लागलेला, दाणागोटा संपलेला, तोफा ओढणारे बैल मरत होते. शेवटी कन्नंबाडीजवळ वेढ्याच्या जड तोफा त्याने स्वतःच निकामी केल्या आणि मागे फिरला. वाटेत पेशव्यांचे सरदार हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांची फौज भेटली. टिपूच्या स्वारांनी जासूद अडवल्यामुळे मराठे इतके जवळ आल्याची त्याला खबरच नव्हती. मराठ्यांच्या छावणीतल्या बाजारात धान्य होतं. भाव चढे होते, पण धान्य होतं, आणि त्यावर इंग्रजांची उपाशी फौज जगली. मार्च १७९२ च्या तहात टिपूचं अर्धं राज्य गेलं, ते त्यानंतर!

चार वर्षांपूर्वी पुण्याच्याच एका यात्रा कंपनीबरोबर तिथे गेलो होतो. पत्रकात दोन तास छापले होते, मिळाली पस्तीस मिनिटं. मला नदीकाठी जाऊन पात्र किती रुंद आहे ते पाहायचं होतं. गाइड म्हणाला, मराठे इथवर आलेच नाहीत. मी हरिपंतांचं नाव काढलं, तर आमचा टूर मॅनेजर म्हणाला, “काका, बसमध्ये बसा, वृंदावनची कारंजी चुकतील.” ती कारंजी कन्नंबाडीच्या धरणाखालीच आहेत. ज्या भागात कॉर्नवॉलिसने तोफा फोडल्या, तिथे आम्ही रंगीत पाणी बघत तासभर बसलो आणि बसमधल्या कुणालाही ते ठाऊक नव्हतं. नदीकाठ पाहायचा राहिला तो राहिलाच. आता माझे गुडघे तो प्रवास करू देणार नाहीत.

तुमच्या लेखाकडून म्हणूनच आशा होती. इंग्रजांनी १७९९ मध्ये बेट घेतलं ते ४ मे रोजी, पावसाळ्याआधी, पात्र उतरलेलं असताना. आठ वर्षांपूर्वी पावसाने आणि उपासमारीने केलेली दशा ते विसरले नव्हते, असं मला वाटतं. लेखात याचाही उल्लेख नाही.

शिवाय नकाशात किल्ला पूर्वेला दाखवला आहे. तो पश्चिम टोकाला आहे. पूर्वेला संगम आणि टिपूची कबर.

माझं मागचं पत्र अर्धं कापून छापलंत. या वेळी जागा कमी पडली तर सहलीचा मजकूर काढा, पण छावणीतल्या बाजाराचा ठेवा, ही विनंती.

— एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे