कोर्टनाक्यावरच्या टायपिंगवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

मेडिक्लेमचे पैसे परवा खात्यात आले. सगळे नाही आले. हातमोजे, रजिस्ट्रेशन, असली बारीकसारीक कापाकापी झालीच. पण मुख्य रक्कम आली. तुम्हाला सांगायला फोन करावा तर नंबर घेतलेला नाही, म्हणून इथेच लिहितेय. तुमचं नाव मुद्दाम टाकत नाही. कोर्टनाक्यावर रोज येणारे ओळखतीलच. आमच्या घरातलं लिहितेय तेही यांना विचारूनच. 'लिही की, टायफॉइड झाला असता तर लपवलं असतंस का?' असं म्हणाले.

यांना तीव्र नैराश्य आलं होतं. झोप नाही, पोटात अन्न नाही, रबाळ्याला कंपनीत जायला निघायचे आणि कळवा स्टेशनवरूनच परत यायचे. शेवटी डॉक्टरांनी ॲडमिट करून घेतलं. मेडिक्लेम होता, वर्षानुवर्षं हप्ता न चुकता भरलेला. पॉलिसी विकताना 'वहिनी, काही काळजी करू नका' म्हणत आमच्याकडे चहा पिऊन गेलेला माणूस त्या आठवड्यात फोन उचलेना. कंपनीने आधी कळवलं, मानसिक आजार पॉलिसीत बसत नाही. आम्ही परत लिहिलं, तेव्हा कारण बदललं: पेशंटला केवळ तपासणी आणि निरीक्षणासाठी ठेवलं होतं. रोज औषधं चालू, डॉक्टरांचा राउंड चालू, नर्स समोर बसून दोन घास भरवतेय, आणि हे म्हणे निरीक्षण!

हॉस्पिटलच्या क्लेमच्या खिडकीवर तर कमालच. तिथल्या मुलाने आमच्या फाईलवर लाल स्केचपेनने 'मेंटल' लिहून ठेवलं होतं. त्याच्या सोयीसाठी असेल. हार्टवाल्यांच्या फाईलवर मी 'हार्ट' लिहिलेलं पाहिलं नाही. वर शेजारच्याला म्हणाला, 'ठाण्याचीच ना पार्टी? मग बरोबर आहे.' दोघे हसले. आपल्या ठाण्यात मनोरुग्णालय १९०१ पासून आहे, आणि हा विनोदही तेवढाच जुना असावा. मी ती फाईल घेऊन गावभर हिंडले, कायम उलटी धरून. रिक्षात, बँकेत, तो शब्द माझ्या अंगाकडे.

तुमच्या टेबलावरही मी ती उलटीच ठेवली होती. तुम्ही कागद काढायला सुलटी केलीत आणि एक क्षण थांबलात. मला वाटलं, आता विचारणार. तुम्ही काही विचारलं नाहीत. खणातून कोरं कव्हर काढलंत, जुन्या फाईलची लेस सोडलीत, एकेक कागद तारखेप्रमाणे लावून नव्यात ओवलात. मग चष्मा पुसून कव्हरवर सावकाश, वळणदार अक्षरात यांचं नाव लिहिलंत. आधी 'श्री.' लिहून. जुनं कव्हर फाडून टेबलाखालच्या डब्यात टाकलंत आणि म्हणालात, 'हं, सांगा आता काय झालंय.'

त्या सगळ्या महिन्यांत मी कुठेही रडले नव्हते, काका. तुमच्या त्या प्लास्टिकच्या स्टुलावर रडले. तुम्ही उगीच प्रिंटरमध्ये कागद भरत बसलात, तेही लक्षात आहे.

बाकीचं तुम्ही मागे एका वकीलसाहेबांचा असाच अर्ज टाईप केला होतात म्हणून तुम्हाला ठाऊक होतं. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, कलम २१, पोटकलम ४: शारीरिक आजाराला ज्या आधारावर विमा, त्याच आधारावर मानसिक आजारालाही द्यायचा. कायदा मे २०१८ पासून लागू आहे. त्याच ऑगस्टमध्ये विमा नियामकाने सगळ्या कंपन्यांना तो पाळायला सांगितलं. इतकी वर्षं झाली, आणि आम्हाला कंपनीने पत्रावर पत्र पाठवलं, त्यात या कलमाचा उल्लेखसुद्धा नव्हता! तुम्ही ते कलम अर्जात ठळक टाईप केलंत. खाली एक ओळ घातलीत की उत्तर आलं नाही तर विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्यांकडे, जाऊ. तिथे फी लागत नाही, वकील लागत नाही, हे तुमच्याकडूनच कळलं. जावं लागलं नाही. त्या एका ओळीने कंपनीला एकदम आठवण झाली.

आणि तुमचं ते वाक्य. 'मला डायबेटिस आहे. पायाच्या जखमेसाठी ॲडमिट होतो, तेव्हा कुणी विचारलं नाही की बुवा खरंच आजारी आहात का.' हे मी यांना घरी येऊन सांगितलं. त्यावर हे हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

अजून एक. टायपिंगचे तुम्ही पूर्ण पैसे घेतलेत, कव्हरचेही. मला ते फार बरं वाटलं. त्या काळात लोक दोनच गोष्टी करत होते: टाळत तरी होते, नाहीतर डोळ्यांत पाणी आणून 'बिचारी' म्हणत होते. तुम्ही सरळ हिशोब केलात आणि सुट्टे मागितलेत. चांगुलपणा म्हणजे खूप काहीतरी करायचं असतं असं मला आधी वाटायचं, देणगी वगैरे. काचेच्या खिडकीमागे बसणाऱ्यांच्या नोकरीत तो लिहून दिलेला नसतो, मान्य आहे. तुमच्यातरी कुठे होता? तुमच्यापुढे नोटरीवाल्यांची रांग होती, आणि तुम्ही नावाआधी 'श्री.' लिहायला वेळ काढलात.

हे आता बरे आहेत. कामावर जातात. औषधं चालू आहेत, समुपदेशनाची फी अजून आमच्या खिशातूनच जाते, कारण आमची पॉलिसी ओपीडीला पैसे देत नाही. त्याबद्दल पुढच्या हप्त्याच्या वेळी भांडणार आहे. तेव्हा अर्ज तुमच्याकडेच टाईप करायचा आहे.

पेढे आणणार होते, पण तुमची साखर लक्षात आहे. शनिवारी दुपारी आम्ही दोघे येतोय. मामलेदारची मिसळ चालत असेल तर तासभर टेबल पुतण्याकडे सोपवून ठेवा. तिखट किती, ते तुम्ही सांगा.

तुमची,
कळव्याची फाईलवाली वहिनी