निवडीचे पैसे घेतलेत, मग निवड कोणी केली?

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक,
पुणे

विषय : रायफलसाठी घेतलेल्या ‘कस्टम लाँग रेंज हंटिंग पॅकेज’मधले न जुळणारे भाग, त्यासाठी घेतलेलं निवड शुल्क आणि आज दुपारचा फोन.

महोदय,

आज दुपारी तुमच्या विक्री विभागाने मला जे ऐकवलं, त्यानंतर फोनवर बोलण्यात अर्थ उरलेला नाही. म्हणून लेखी देतोय. कंपनी पुण्याची, मालक मराठी, तेव्हा मराठीतच लिहितोय. कळलं नाही असं म्हणायला जागा राहू नये.

तुमच्या बिलावर शेवटून दुसरी ओळ आहे : ‘भाग निवड व जुळवणी शुल्क, रु. ६,५००’. माझं भांडण मुख्यतः त्या ओळीशी आहे. नेम धरायची दुर्बीण, ती रायफलवर बसवायची रेल आणि रिंगा, आणि रायफलचा लाकडी दस्ता हे मी वेगवेगळ्या ठिकाणांहून घेऊ शकलो असतो, आणि कमी पैशांत. तुमच्याकडे आलो ते ‘आम्ही नुसता माल विकत नाही, जुळवून देतो’ या तुमच्या शब्दावर. जुळवणीसाठी तुम्ही फॉर्म भरून घेतलात आणि मी तो अर्धवट भरला नाही. रायफल मॉझर ९८ अ‍ॅक्शनची (अ‍ॅक्शन म्हणजे काडतूस आत ढकलून नळी बंद करणारा बोल्ट आणि तो बसतो ते लोखंडी कवच, रिसीव्हर), काडतूस .३०-०६, नळीचा ट्विस्ट, म्हणजे आतल्या आट्यांचा पीळ, १:१०, सेफ्टी मूळची, म्हणजे बोल्टच्या मागे उभी फिरणारी पंखाची, हे सगळं लिहिलं. तिन्ही बाजूंचे फोटो जोडले. ‘वापर’ या रकान्यात ‘कागदी टार्गेट, १०० ते ३०० मीटर, परवानगी असलेल्या रेंजवर’ असं लिहिलं. नळीला हात लावायचा नाही, रायफल परवान्यावर जशी नोंदलेली आहे तशीच राहील, हेही बजावलं. दुर्बिणीच्या रकान्यात ‘रेटिकल मिलमध्ये, टरेट मिलमध्ये, फर्स्ट फोकल प्लेन’ असं लिहून खाली रेघ मारली. म्हणजे काचेतल्या खुणा (रेटिकल) आणि नेम सरकवायची चकती (टरेट) दोन्ही मिल या कोनाच्या एकाच मापात, आणि झूम बदलला तरी खुणांचं माप तेच.

तुम्ही काय पाठवलंत ते तुमच्या डिस्पॅच रजिस्टरमध्ये असेलच. तरी सांगतो.

दस्ता आधी घेतो, कारण तो उघडला तेव्हाच पोटात गोळा आला. खोक्यावर ‘लाँग अ‍ॅक्शन’ लिहिलंय आणि तेवढं बरोबर आहे. पण आतली खोबण रेमिंग्टन ७०० या वेगळ्याच रायफलची आहे. रेमिंग्टनचा रिसीव्हर खालून गोल असतो आणि मॉझरचा सपाट, हे तुमच्याकडे दस्ते कोरून विकणाऱ्याला मी सांगायचं का? रेमिंग्टनची लग, म्हणजे गोळीचा धक्का दस्त्यावर उतरवणारा भाग, ही नळी आणि रिसीव्हर यांच्यामध्ये धरलेली वेगळी चकती असते. मॉझरची लग पुढच्या रिंगच्या बुडाला अंगचीच असते. मी अ‍ॅक्शन त्या खोबणीवर नुसती ठेवून पाहिली. सपाट बूड गोल खोबणीच्या दोन कडांवर टेकलं आणि बोट लावताच हललं. लगेमागे तर मोकळी जागाच होती. लगेला मागून लाकडाचा आधार नसेल तर .३०-०६चा धक्का अ‍ॅक्शनच्या स्क्रूंवर जातो आणि थोड्याच गोळ्यांत टँगच्या, म्हणजे अ‍ॅक्शनच्या मागच्या शेपटाच्या, मागे लाकूड चिरू शकतं. यावर तुमच्या माणसाने मला उपाय सांगितला : ‘तिकडच्या कारागिराकडून थोडं घासून घ्या ना.’ घासून काढलेलं लाकूड परत येत नाही. आणि घासून घ्यायचंच होतं तर ६,५०० रुपये कसले घेतलेत?

आता रिंगा. महोदय, हा मुद्दा तुम्ही स्वतः वाचा, कारण हा गैरसोयीचा नाही, सुरक्षिततेचा आहे. मूळच्या मॉझर सेफ्टीचा पंख डावीकडे असला की रायफल फायरला असते. तो वर उभा केला की सेफ, पण बोल्ट उघडतो. उजवीकडे आडवा पाडला की सेफ आणि बोल्टही बंद. म्हणजे पंख डावीकडून उजवीकडे नेताना तो वरूनच जातो. तुम्ही पाठवलेल्या रिंगा इतक्या बसक्या आहेत की दुर्बिणीचा मागचा भाग नेमका त्याच्या वाटेत येतो. पंख निम्म्यावर दुर्बिणीला टेकतो आणि थांबतो. सेफ्टी लागत नाही. रिकाम्या रायफलवर मी पुन्हा पुन्हा करून पाहिलं, अंगठ्याचं टोक लाल होईपर्यंत. लागत नाही.

यावर दोनच उपाय आहेत. एक तर उंच रिंगा, किंवा बाजूने फिरणारी दुसरी सेफ्टी परवानाधारक कारागिराकडून बसवणं. उंच रिंगा घेतल्या की डोळा वर न्यावा लागतो, म्हणजे दस्त्यावर गाल टेकायची जागाही वर यायला हवी. म्हणजे दस्ता उंची बदलणाऱ्या चीकपीसचा हवा. तुम्ही पाठवलेला तसा नाही. एक भाग बदलला की दुसरा बदलतो, दुसरा बदलला की तिसरा. म्हणूनच तर माणूस जुळवणीचे पैसे वेगळे मोजतो! फोटोत पंख स्वच्छ दिसतोय. तो फोटो तुमच्याकडे कोणी उघडला तरी होता का?

रेल तुम्ही २० एमओए उताराची दिलीत (एमओए हेही कोनाचंच माप, एका अंशाचा साठावा भाग). ३०० मीटरसाठी तिची गरज नव्हती. पण १०० मीटरचा झिरो, म्हणजे त्या अंतरावर जुळवलेला नेम, तिच्यावरही मिळतो, म्हणून तिच्याबद्दल मी भांडत नाही. रेल ठेवून घेतो.

दुर्बीण मात्र ठेवून घेणार नाही. काच उत्तम आहे, ते मान्य. संध्याकाळच्या उजेडातही कडा स्पष्ट दिसतात. पण रेटिकल मिलमध्ये आहे आणि टरेट पाव एमओएच्या क्लिकचा. मी दोन्ही मिलमध्ये मागितलं होतं, रेघ मारून मागितलं होतं. ३०० मीटरवर १ मिल म्हणजे ३० सेंटिमीटर. टरेट मिलचा असता तर १० क्लिक आणि विषय संपला. तुमच्या टरेटवर त्याच १ मिलला पावणेचौदा क्लिक लागतात. पाऊण क्लिक कोण कसा फिरवणार? त्यातून होणारी चूक फार मोठी नाही, हे मलाही कळतं. पण प्रत्येक गोळीनंतर रेटिकलमध्ये एक भाषा वाचायची, मनात गुणाकार करायचा आणि टरेटवर दुसऱ्या भाषेत फिरवायचं, हे रेंजवर आडवं पडून करून बघा. मला काडतुसं परवान्यावर मोजून मिळतात. ती हिशेब चुकण्यात घालवायची नाहीत.

आणि आता तो फोन.

मी हाच मुद्दा शांतपणे मांडला. आधी मला ‘एक मिनिट होल्ड करा’ म्हटलं गेलं. ते मिनिट कितीही लांबलं तरी मी थांबलो. मग तुमचा प्रतिनिधी परत आला. आवाजावरून माझ्या मुलाच्या वयाचा असावा. तो म्हणाला, ‘काका, एवढं काय त्यात? मिल काय नि एमओए काय, हरणाला कुठे कळतंय?’

मागे कोणीतरी हसलं. मी स्पष्ट ऐकलं.

मी म्हटलं, हरणाचा इथे काय संबंध? फॉर्म उघडा, वापर काय लिहिलाय तो वाचा. तो म्हणाला, ‘काका, फॉर्मवर सगळेच कागदी टार्गेट लिहितात. हंटिंग पॅकेज घेतलंय ना तुम्ही? इंदूरला काय, जंगल जवळच आहे तुम्हाला.’ मी विचारलं, तुम्ही मला शिकारी चोर म्हणताय का? त्यावर, ‘तसं नाही हो काका, मी आपलं सहज बोललो.’ मी वरिष्ठांना फोन द्या म्हटलं. ते मीटिंगमध्ये होते. कधी मोकळे होतील? ‘सांगता येत नाही.’ मग त्यानेच विचारलं, ‘आणखी काही मदत करू शकतो का?’ तोवर कोणती मदत झाली होती, हे मला अजून कळलेलं नाही.

सहज बोललो! महोदय, शस्त्रांचा परवाना असलेल्या कंपनीतला माणूस परवानाधारक ग्राहकाला ‘हरणाला कुठे कळतंय’ असं सहज बोलतो? वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा आहे. काळवीट आणि चिंकारा दोन्ही अनुसूची १ मध्ये आहेत. त्यांच्या शिकारीला किमान ३ आणि कमाल ७ वर्षांची कैद आहे. माझ्यावर तसा नुसता संशय आला तरी माझा परवाना जाऊ शकतो, रायफल जाऊ शकते. कॉल रेकॉर्ड होतो असं तुमचंच यंत्र सुरुवातीला सांगतं. आजचं रेकॉर्डिंग काढा, स्वतः बसून ऐका. ते पुसलं जाऊ नये, अशी मी या पत्राद्वारे लेखी मागणी करतो.

ही रायफल माझ्या आजोबांची. ते होळकरांच्या नोकरीत होते. त्या काळी शिकारीला परवानगी होती आणि ते शिकार करत, हे मी लपवत नाही. कायदा आला त्या दिवसापासून त्यांनी जनावरावर गोळी झाडली नाही. वडिलांनी तर कधीच नाही. आमच्या घरी खंडेनवमीला ती पाटावर ठेवून पूजा होते. निवडणुकीची आचारसंहिता लागली की ती ठाण्यात जमा होते आणि पावती देव्हाऱ्याखालच्या खणात राहते. वारसाहक्काने परवाना माझ्या नावावर करून घेताना पोलीस पडताळणीपासून कलेक्टर कचेरीपर्यंत मी प्रत्येक कागद सरळ मार्गाने नेला. एवढं सगळं सांभाळलेल्या घराला तुमचा माणूस चोरट्या शिकाऱ्यांच्या रांगेत बसवतो आणि मागे कोणीतरी हसतं.

पॅकेजच्या नावाचंही बघा. ज्या देशात शिकार बंद आहे, तिथे ‘हंटिंग’ असं नाव छापून तुम्हीच माल विकता आणि ग्राहकाने ते घेतलं की तुमचीच माणसं त्याला चोर ठरवतात. परदेशी कॅटलॉगमधून नाव उचललंत, ते तसंच ठेवलंत. न्यूझीलंडमध्ये लाल हरणासाठी दूरवरून मारणारी रायफल जुळवणाऱ्याचे प्रश्न वेगळे असतात. त्याला ती डोंगरावर खांद्यावरून न्यायची असते, वजन मोजायचं असतं. मी झोपून, बायपॉडवरून, कागदावर मारणार. मला वजन चालतं, मला टरेट बिनचूक हवा. हा फरक ओळखण्याचेच तर तुम्ही ६,५०० रुपये घेतलेत ना? आणि सेफ्टी! दोघांनाही सेफ्टी लागायला हवी. तुमच्या रिंगांवर ती लागत नाही, हे मी पुन्हा लिहितो, कारण आजच्या फोनवर या मुद्द्यावर कोणी अवाक्षर काढलं नाही.

मला सर्वांत जास्त वाईट याचं वाटतं की तुमची कंपनी अशी नव्हती. आमच्याकडच्या पोरांच्या पहिल्या एअर रायफली तुमच्याकडूनच आल्या. तेव्हा तुमच्याकडे फोन उचलणारा माणूस आधी विचारायचा, मूल किती उंच आहे, हात केवढा आहे, डोळा कोणता वापरतो. मग सांगायचा, ही नको, ती घ्या, आणि बऱ्याचदा स्वस्तातली सांगायचा. त्या भरवशावर मी इथे कितीतरी लोकांना तुमचं नाव सुचवलं. तो माणूस आता तुमच्याकडे नसावा. असता तर मॉझरचा पंख पाहून त्याने रिंगा खोक्यात भरल्याच नसत्या.

आता माझं म्हणणं ऐका. दस्ता, रिंगा आणि दुर्बीण तुम्ही परत घ्यावी, कुरियर तुमच्या खर्चाने. बदल्यात मॉझर ९८ची खोबण आणि उंची बदलणारा चीकपीस असलेला दस्ता, पंख मोकळा फिरेल एवढ्या उंच रिंगा आणि मिल-मिल दुर्बीण द्यावी. हे तुमच्याकडे नसेल तर तसं सांगा आणि पूर्ण पैसे परत करा. निवड शुल्क मात्र दोन्ही परिस्थितीत परत हवं. निवड झालीच नाही. गोदामात जे पडलं होतं ते आलं. आणि ‘हरणाला कुठे कळतंय’ या वाक्याबद्दल त्या मुलाची नव्हे, तुमची लेखी माफी हवी. त्या मुलाला नोकरीवरून काढावं असं मी म्हणत नाही. त्याला कोणी शिकवलंच नसेल तर दोष त्याच्या एकट्याचा कसा?

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर मी ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार दाखल करता येते, आणि ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर ती घरबसल्या होते. म्हणजे मला पुण्याला यावं लागणार नाही, तुम्हाला इंदूरला यावं लागेल. फॉर्मची प्रत, फोटो, बिल, खोक्यावरचं लेबल आणि सेफ्टीचा पंख दुर्बिणीला अडतो त्याचा व्हिडिओ, सगळं तयार आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार आजच नोंदवतोय, तुमच्या उत्तराची वाट न पाहता.

माल मूळ खोक्यांत, तुमच्याच फोममध्ये भरून ठेवला आहे. दस्त्याला कोणी घासलेलं नाही, रिंगांचे स्क्रू मोजून पुडीत बांधले आहेत. उत्तर ईमेलने किंवा रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा. मला फोन करू नका.

आपला ग्राहक,
इंदूर

सोबत : बिल, भरलेला फॉर्म आणि छायाचित्रांच्या प्रती