पिशवी काढलेल्या महिलांची हाडे तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा झाला की आमच्या केज तालुक्यातील कुटुंबे उचल घेऊन ऊसतोडीला निघतात. त्यांतील चाळिशीही न गाठलेल्या बाया कंबर धरून दवाखान्यात येतात आणि कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन परत जातात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ साली शासनाने समिती नेमली, तेव्हा ८२ हजारांहून अधिक महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यांच्या हाडांविषयी मात्र फारसे बोलले गेले नाही.

हाड सतत थोडे झिजवले जाते आणि पुन्हा बांधले जाते. चालताना किंवा ओझे उचलताना त्यावर ताण आला, की आतल्या सूक्ष्म नलिकांमधील द्रव हलतो, तिथल्या पेशींना ते जाणवते आणि त्या नायट्रिक ऑक्साइड सोडतात. (रक्तवाहिन्यांमधील याच वायूच्या कार्यावरील संशोधनाला १९९८ चे नोबेल मिळाले.) तो काही सेकंदच टिकतो, पण तेवढ्यात हाड झिजवणाऱ्या पेशींना आवर घालतो व बांधणाऱ्या पेशींना चालना देतो. तो तयार करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) इस्ट्रोजेनचे, म्हणजे मुख्यतः बीजकोशांत (अंडाशयांत) तयार होणाऱ्या संप्रेरकाचे, बळ लागते. त्यामुळे पिशवीसोबत बीजकोशही काढले असतील, तर डोक्यावर उसाची मोळी वाहणाऱ्या बाईच्या हाडांनाही बांधणीचा हा निरोप क्षीणच पोहोचतो, आणि नुसत्या कॅल्शियमने ती उणीव भरून निघत नाही.

पण म्हणून कोणी नायट्रिक ऑक्साइड वाढवणारी पावडर हाडांसाठी घेऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. संधिवातासारख्या सुजेत हाच वायू भरमसाट तयार होऊन हाडाचे नुकसान करतो. शिवाय शरीरात हाच वायू सोडणाऱ्या नायट्रोग्लिसरीन या औषधाच्या मलमाने हाडांची घनता वाढते, असे सांगणारा २०११ चा गाजलेला शोधनिबंध पुढे मागे घ्यावा लागला.

आरोग्य विभागाने हंगामापूर्वी पिशवी काढलेल्या प्रत्येक महिलेचे बीजकोश शाबूत आहेत की नाहीत, याची नोंद करावी. ज्यांचे काढले गेले, त्यांच्या हाडांच्या घनतेची मोफत तपासणी व्हावी, त्यासाठी अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ठरावीक वार राखून ठेवावा, आणि इस्ट्रोजेनचे उपचार हवेत की नकोत, हे तेथील तज्ज्ञांनी प्रत्येकीला बसवून, तिच्या बोलीत समजावून सांगावे.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, केज (जि. बीड)