रक्त काढायला शिकवणाऱ्या ताईंस आभारपत्र

आदरणीय ताई,
सविनय नमस्कार.

आपण शासकीय सेवेतून निवृत्त होत आहात असे कळले. आपल्या हाताखाली शिकलेले तंत्रज्ञ आज कुरखेडा, कोरची, धानोरा या तालुक्यांत काम करीत आहेत. त्यांच्याही वतीने हे आभार जाहीरपणे मानते.

तपासणीचा अहवाल विचित्र आला की सगळे यंत्राकडे बोट दाखवतात. आपण मात्र आमचे लक्ष रुग्णाच्या हाताकडे वळवले. पट्टा कोपराच्या चार बोटे वर बांधावा, एका मिनिटापेक्षा अधिक वेळ आवळलेला ठेवू नये, मूठ सारखी उघडमीट करायला लावू नये आणि सिरिंज जोराने ओढू नये, कारण तांबड्या पेशी फुटल्या की पोटॅशियम वाढलेले दिसते, हे आपण कारणांसह समजावले. जांभळ्या नळीतल्या ईडीटीएचा, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाचा, अंश साध्या नळीत गेला तर पोटॅशियम खोटे वाढते आणि कॅल्शियम खोटे घटते. म्हणून आधी साधी, मग जांभळी, शेवटी साखर तपासायची फ्लोराइडची करडी नळी, हा क्रम आम्ही आजही मोडत नाही. जांभळी नळी 8 ते 10 वेळा अलगद उलटी केल्याशिवाय खाली ठेवायची नाही, हेही तसेच. नमुना गोठला तर दूरच्या टोल्यावरच्या (वाडीवरच्या) बाईची आणखी एका दिवसाची मजुरी बुडते, ही जाणीव त्यामागे होती.

सर्वाधिक ऋण आहे ते सिकलसेलच्या, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या, रुग्णांच्या बाबतीत. 1 जुलै 2023 रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. त्याच्या कितीतरी आधीपासून आपण हे रुग्ण सांभाळत होता. वारंवार सुया टोचल्याने त्यांच्या शिरा कडक होतात. अशा वेळी घाई न करता रुग्णाला पाणी पाजावे, हात खाली सोडून गरम कपड्याने शेकावा, शीर बोटाने चाचपून तिची लवचिकता ओळखावी आणि दोन प्रयत्नांत रक्त मिळाले नाही तर तिसरा प्रयत्न सहकाऱ्याकडे सोपवावा, ही आपली शिस्त होती. त्या लेकरांच्या मनातली दवाखान्याची भीती या शिस्तीने कमी झाली, असे मी ठामपणे म्हणते.

स्पिरिट लावल्यावर त्वचा पूर्ण वाळू देणे, वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण न लावता ती थेट पांढऱ्या डब्यात टाकणे, या गोष्टी पुस्तकातही असतात. परंतु एकाच गावात एकाच नावाच्या दोन मडावीबाई असू शकतात, आणि म्हातारी माणसे आदरापोटी कोणत्याही नावाला मान डोलावतात. म्हणून रुग्णालाच पूर्ण नाव व वय सांगायला लावावे आणि रक्त काढल्यावर त्याच्यासमोरच नळीवर ते लिहावे, हे आम्हाला आपणच शिकवले.

येत्या भाताच्या रोवणीनंतर आमच्याकडे नव्या तंत्रज्ञांचे प्रशिक्षण होणार आहे. आपली प्रकृती साथ देत असेल, तर पहिला दिवस आपण घ्यावा, ही नम्र विनंती.

आपली कृतज्ञ,
एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ
तालुका कोरची, जिल्हा गडचिरोली