पणजीच्या रेघेशेजारी

पुणे

ती. बाबा आणि ती. आई,
सा. न. वि. वि.

बाबा, वंशावळीची वही मिळाली. जन्म, मृत्यू आणि मध्ये एक रेघ. त्या रेघेशेजारी तेव्हा देशात काय घडत होतं तेही लिही, असा काकांचा हुकूम. म्हणून तुमच्या आजीपासून सुरुवात केली.

जन्म १८९९. म्हणजे छपनियाचा दुष्काळ, संवत १९५६. गुजरातेत माणसं अन्नावाचून आणि गुरं चाऱ्यावाचून मेली, त्या साली ही जन्मली आणि पुढे ८७ वर्षं जगली. १९१८ची साथ, दोन महायुद्धं, फाळणी, सगळं तिच्या हयातीत झालं. पण तुम्हीच सांगता, महायुद्धाबद्दल विचारलं की ती रॉकेलच्या भावावर यायची. लग्नानंतर बडोद्याच्या दांडिया बाजारातलं घर न सोडता ती तीन राज्यांत राहिली: आधी गायकवाडांचं संस्थान, १९४९पासून मुंबई राज्य, १९६०पासून गुजरात. त्याचंही तिला काही वाटल्याचं कुणी सांगत नाही.

मग १९०६ दिसलं. सयाजीरावांनी त्या वर्षी सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सबंध संस्थानाला लागू केलं. अमरेलीकडे १८९३पासून करून पाहिलं होतंच. कायद्यात मुलीही होत्या, आणि मूल शाळेत घातलं नाही तर पालकाला दंड. तिचं माहेरही बडोद्यातच, आणि तेव्हा ती सात वर्षांची! तिचे वडील काही सुधारक नव्हते (त्यांच्या सोवळ्याच्या गोष्टी मी ऐकल्यात). माझी खात्री आहे, दंड चुकवायलाच पाठवलं असणार.

आई, आता तुझी आजी घे. वय जवळजवळ तेच, पण गाव राजापूरजवळचं, इंग्रजी मुलखातलं. तिथे अशी सक्ती नव्हती. गोखल्यांनी १९११ मध्ये त्यासाठी विधेयक मांडलं, ते पुढच्या वर्षी कौन्सिलात पडलं. ते मंजूर झालं असतं तरी तिच्या उपयोगाचं नव्हतं म्हणा, ती तोवर सासरी गेली होती. जमिनीच्या वाटणीच्या कागदावर तिने अंगठा उठवला आणि कागदात काय होतं ते तिला पुढे कित्येक वर्षांनी कळलं, हे तूच सांगितलंस. इकडे बाबांची आजी, पणजोबा गेल्यावर, पासबुक स्वतः तपासायची आणि मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीतून पुस्तकं मागवायची. दोघींच्या हुशारीत फरक असेल असं मला वाटत नाही. एक संस्थानात जन्मली, एक बाहेर, एवढंच.

तेव्हा काकांना सांगा, पणजीच्या रेघेशेजारी मी फक्त १९०६ लिहिते आहे. ते चिडतील, १९४७ कुठे गेलं म्हणतील. ते आजोबांच्या रेघेला लावू, त्यांनी त्या दिवशी आळीभर पेढे वाटले होते.

आणि बाबा, या वहीत आईच्या माहेरचं एकही माणूस कसं नाही? आई, मामाचा नवा नंबर पाठव. तुझ्या आजीचं माहेरचं नाव त्याला नक्की ठाऊक असेल.

तुमची,
मनू